एमएच गाडी बेळगावात ठेवायचीय? टॅक्स कधी भरायचा, परत काय मिळतं

बेळगाव : कोल्हापूर-सांगलीकडून बदली होऊन इकडं आलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो. पंधरा वर्षांचा टॅक्स तिकडं भरलाय, आता परत कशाला? गाडीची नोंदणी देशभर चालते, पण टॅक्स राज्याचा असतो. महाराष्ट्रात भरलेला एकरकमी कर कर्नाटकात धरत नाहीत.

मुदतीबद्दल मात्र गैरसमज फार. मोटार वाहन कायदा 1988, कलम 47 प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकानं 2014 मध्ये टॅक्ससाठी ही मुदत 30 दिवसांवर आणली होती. उच्च न्यायालयानं 2016 मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. तरी ‘महिना झाला, टॅक्स भरा’ हे रस्त्यावर अजून ऐकायला मिळतं. वर्ष झालं नाही हे दाखवायची पाळी शेवटी गाडीवाल्यावरच येते, म्हणून कोगनोळी टोलची फास्टॅग नोंद आणि बदलीचा आदेश मोबाइलमध्ये असू द्या. चंदगडहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. कायद्यातला शब्द गाडी ‘ठेवणे’ असा आहे.

इथंच राहायचं ठरलं, तर आधी जुन्या आरटीओकडून एनओसी, त्यासाठी फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. विमा आणि पीयूसी चालू हवेत, फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा हवा. अर्जाची पोचपावती सोडू नका. 30 दिवसांत होय-नाही काहीच कळवलं नाही, तर कलम 48 नुसार एनओसी दिली असं धरलं जातं. मग फॉर्म 27 भरून इथल्या आरटीओत नव्या नंबरसाठी अर्ज. बेळगाव, खानापूरला केए-22, निपाणी-चिक्कोडीकडं केए-23.

इथला आजीवन कर मूळ किमतीच्या टप्प्यावर ठरतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. त्यामुळं खरेदीचं बिल शोधून ठेवा.

खरी अडचण पैशांची. महाराष्ट्रातल्या कराचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मिळतो, पण तो नंतर. आधी इथं पूर्ण भरायचा, नवी आरसी हातात आली की तिची आणि कराच्या पावतीची प्रत जोडून जुन्या आरटीओकडं मागणी करायची. पुष्कळ जण या दुसऱ्या फेरीचा कंटाळा करतात आणि हजारो रुपये तिकडंच सोडतात. गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती तिकडंच विकून इथली घेणं बरं, असं आम्हाला वाटतं.

सारखी बदली होणाऱ्या सरकारी नोकरांना, तसंच चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सप्टेंबर 2021 पासून बीएच नंबर घेता येतो. त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो.