सात वेढ्यांची गोम

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असे आपण सहज बोलून जातो. पण डोंगराला सात वेढे घालून बसणारी गोम आपल्या आजीबाईंच्या गोष्टींतही नाही. ती आहे जपानात. तिथे या प्राण्याला ‘मुकादे’ म्हणतात आणि ‘शंभर पाय’ अशा अक्षरांनी लिहितात. म्हणजे आपली शतपदीच. (गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, त्यामुळे नेमके शंभर पाय कोणत्याच गोमेला नसतात. असो.)

बिवा हे जपानातले सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या मुखाशी सेता नावाचा पूल आहे. फुजिवारा हिदेसातो हा वीर एकदा तिथे आला, तो पुलावर प्रचंड सर्प आडवा पडलेला! लोक थरथरत खोळंबले होते. हा गडी त्याला खुशाल ओलांडून पलीकडे गेला. सर्प म्हणजे सरोवरातल्या नागराजाच्या घरचाच. असा निधडा माणूसच तो शोधत होता. कारण मिकामी डोंगरावरची गोम रोज रात्री उतरून त्याच्या कुळाचा फडशा पाडीत होती.

रात्र झाली. हजारो मशालींच्या दोन रांगा डोंगर उतरू लागल्या. ते गोमेचे पाय! हिदेसातोचे दोन बाण तिच्या कपाळावर आपटून खाली पडले. तिसरा, शेवटचा बाण त्याने तोंडात घालून थुंकीने ओला केला आणि सोडला, मशाली विझल्या. माणसाची थुंकी गोमेला विषासारखी, ही तिथली समजूत. मला ही थुंकी फार आवडते. मंतरलेले अस्त्र नाही, देवाचे वरदान नाही. भ्यालेल्या माणसाच्याही तोंडात असते तेवढेच. नागराजाने बक्षीस दिले त्यात कधीच न संपणारे तांदळाचे पोते होते. तांदळाच्या पोत्याला तिकडे ‘तवारा’ म्हणतात. त्यावरून वीराचे नाव पडले तवारा तोदा.

आता कथेतली खरी गोम. हिदेसातो हा इतिहासातला माणूस. 939 साली पूर्वेकडे ताइरा मासाकादो याने बंड करून स्वतःला ‘नवा सम्राट’ म्हणवून घेतले. 940 साली हिदेसातो आणि मासाकादोचाच चुलतभाऊ सादामोरी यांनी त्याच्यावर चाल केली. मासाकादो बाण लागून पडला. त्याचे मुंडके राजधानीत टांगले गेले. गोमेची कथा ग्रंथात आली ती चौदाव्या शतकात. एवढ्या काळात बंडखोराला मारणारा सरदार राक्षसिणीला मारणारा वीर झाला होता. दरबाराला हे सोयीचेच होते, असे मला वाटते. गोमेला बायकामुले नसतात आणि तिची बाजू कोणी विचारीत नाही.

गोमेचा मात्र सर्वत्र तिरस्कारच आहे असे नाही. दिवाळीत आपण ज्या कुबेराची पूजा करतो, तोच वैश्रवण जपानात ‘बिशामोन’ झाला आहे आणि गोम ही त्याची दूती. सोन्याच्या शिरा जमिनीत गोमेच्या पायांसारख्या फुटतात, म्हणून खाणीतल्या माणसांनी तिला आपली मानली, असे सांगतात. सोळाव्या शतकातल्या ताकेदा शिंगेनच्या जासुदांच्या निशाणावरही गोमच होती. ती पुढे जाते, मागे सरत नाही म्हणून.

अमेरिकेत 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. मंडळी टेबलाभोवती बसून फासे टाकतात आणि कल्पनेने भुयारात उतरतात. 1977 सालच्या त्यांच्या राक्षसकोशात प्रचंड गोम आहे. पण बिचारी फूटभर लांबीची, अगदी हलक्या प्रतीची. फूटभराच्या गोमा दक्षिण अमेरिकेत खरोखरच आहेत! गुहेच्या छताला लटकून त्या वटवाघळे धरतात.

आणि मासाकादो? तोक्योतल्या कांदा देवळात लोक त्यालाच देव मानून पुजीत. 1874 साली सरकारने राजद्रोही म्हणून त्याला तिथून हलविले. 1984 साली तो पुन्हा गाभाऱ्यात आला.