महाशीर : गळ, नाव आणि वही

दुधनीहून अफजलपूरच्या वाटेने दक्षिणेला गेले की भीमा नदी लागते. पावसाळ्यातले गढूळ पाणी दसरा-दिवाळीच्या सुमारास निवळू लागते आणि काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांपैकी काहींना रात्रीच्या कालवणाची काळजी असते, तर काहींना नुसता नाद असतो. या नादाचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच येत नाही. पण भारतातल्या नद्यांविषयीचे काही महत्त्वाचे ज्ञान याच नादातून मिळाले आहे आणि एक मोठी चूकही त्याच वाटेने घडली आहे. आज आपण त्या दोहोंची ओळख करून घेऊ.

सुरुवात भीमेच्याच खोऱ्यापासून करू. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री सायक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. पिके, हवामान, लोकसंख्या यांच्या नोंदी घेत असताना त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरील त्यांच्या लेखनाचा सारांश १८३९ मध्ये आणि सविस्तर निबंध १८४१ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने होती. यांतली गमतीची गोष्ट अशी, की अनेक माशांना नावे देताना सायक्स यांनी स्थानिक लोकांच्या तोंडचेच शब्द घेतले. खुद्री, कोलस, बोगट, टाकरी हे शब्द लॅटिन नावांत जाऊन बसले ते आजतागायत. त्या इंग्रजी स्पेलिंगमागचा मूळ उच्चार नेमका काय होता, हे मात्र आज एखाद्या जाणत्या भोयालाच विचारायला हवे.

यांतला खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. सायक्स यांना तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठा नदीत मिळाला. मोठे खवले, जाड ओठ आणि पिळदार अंग असलेला हा मासा खळाळत्या, खडकाळ पाण्यात राहतो. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो, गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा खालच्या डोहांत उतरतो. विलायतेतला सामन मासाही अंडी घालण्यासाठी असाच नदीत चढतो, फक्त तो समुद्रातून खाडीच्या वाटेने येतो. महाशीराचा सारा प्रवास गोड्या पाण्यातच होतो.

सामनची आठवण घेऊन आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना महाशीर भेटला, तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावेना. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. गळाला लागल्यावर जोर लावण्यात महाशीर सामनलाही मागे टाकतो, असे त्यांचे मत होते. मात्र थॉमस केवळ शौकीन नव्हते. बारीक जाळ्यांनी पिल्ले उपसली गेली तर नद्या ओस पडतील, हे त्यांना दिसत होते आणि मत्स्यसंवर्धनाविषयी त्यांनी सरकारला अहवालही दिला होता. पुढे दक्षिणेत कावेरीचे खोरे या खेळाची पंढरी बनले. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका सदस्याने कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर पकडला. तो होता पाठीवर उंचवटा असलेला कुबडा महाशीर.

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारण्याचे प्रकार वाढले, पाणी दूषित झाले आणि महाशीर सर्वत्र कमी होऊ लागला. वर चढणाऱ्या माशाला धरणाची भिंत ओलांडता येत नाही, हे सांगायला नकोच. यावर उपाय आपल्या महाराष्ट्रातच शोधला गेला. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांच्या वीजकंपनीच्या तलावाकाठी, खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. कुलकर्णी आणि ओगले यांचे यातील संशोधन मोलाचे आहे. मादीची अंडी आणि नराचे रेत हलक्या हाताने काढून फलन घडवायचे, वाहत्या पाण्यात अंडी उबवायची आणि पिल्ले वाढवायची, ही पद्धत तेथे बसवली गेली. लाखो पिल्ले तयार झाली. ती अनेक राज्यांना दिली गेली. शौकिनांच्या आग्रहाने ती कावेरीतही सोडली गेली.

येथे कथेला वळण मिळते. कावेरीच्या काठी गळाने मासे धरून, मोजून, पुन्हा पाण्यात सोडून देणाऱ्या शौकिनांची शिबिरे चालत. तेथे नोंदवह्या ठेवल्या जात: किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातल्या या वह्या पुढे संशोधकांनी तपासल्या. २३ हजारांहून अधिक तास आणि सहा हजारांहून अधिक मासे! वरवर पाहता सारे ठीक होते, कारण महाशीरांची संख्या वाढत होती. पण जातवार मांडणी केल्यावर वेगळेच चित्र दिसले. वाढत होता तो बाहेरून आलेला खुद्री. कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर दुर्मीळ होत चालला होता. जे थोडे मिळत ते मोठे, वयस्क. त्याची पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

आणखी एक धक्का बाकी होता. ज्या माशाने कावेरीला जगभर कीर्ती मिळवून दिली, त्याचे शास्त्रीय नावच निश्चित नव्हते! केरळमधील पांबार या कावेरीच्या उपनदीतून २००७ मध्ये वर्णन झालेली 'टॉर रेमादेवी' ही जात म्हणजेच कुबडा महाशीर, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

यात कोणाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. वळवणचे काम उत्तम विज्ञान होते. चूक होती ती 'महाशीर म्हणजे महाशीर' या समजुतीत. एका नदीत ज्याला वाचवायचे, तोच मासा दुसऱ्या नदीत उपरा ठरू शकतो. कोणता मासा कोणत्या नदीचा, हे आधी ठाऊक असावे लागते. आणि हा धोका लक्षात आला तो कोणत्या महागड्या यंत्रामुळे नव्हे, तर हौशी माणसांनी नेटाने भरलेल्या वह्यांमुळे.

शिक्षक मित्रहो, अशी वही दुधनीतल्या शाळेलाही ठेवता येईल. दर पंधरवड्याला मुलांनी बाजारात किंवा नदीकाठी जाऊन तारीख, ठिकाण, पकडण्याची पद्धत, माशाची लांबी आणि नाव टिपावे. या सीमेवर मराठी आणि कानडी अशी दोन्ही नावे मिळतील, ती दोन्ही लिहावीत. १९५२ मध्ये भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापी किती वेळा येते आणि सायक्स यांच्या यादीतले मासे किती वेळा, याचा तक्ता वर्षअखेरीस वर्गात मांडावा. एका वर्षाची वही फारसे काही सांगणार नाही. कावेरीचे चित्र स्पष्ट व्हायला चौदा-पंधरा वर्षांच्या नोंदी लागल्या. म्हणून दहावीच्या मुलांनी जाताना ती वही नववीच्या हाती द्यावी.