राखेतून राखलेलं बेट



आज तुम्हाला एका लांबच्या बेटाचा इतिहास सांगणार आहे. बेटाचं नाव लान्झारोते. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात कॅनरी बेटं आहेत, त्यातलं हे एक. कारभार स्पेन देशाचा. आकार आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा, वस्ती दीड लाखाच्या आसपास. आणि वर्षाला पाहुणे येतात तीस लाखांहून जास्त! एवढे लोक काय बघायला येतात? काळेभोर डोंगर, राखेची रानं आणि त्या राखेत डोलणारे हिरवे द्राक्षवेल. ही शोभा कशी तयार झाली, ते ऐकण्यासारखं आहे.

ज्वालामुखीशी आपलंही नातं आहे बरं का. सह्याद्रीचा कातळ, वेरूळची लेणी ज्यात कोरली तो काळा दगड, हा सगळा निवालेला लाव्हाच. फरक एवढाच, की आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लान्झारोतेचा मोठा उद्रेक झाला तो तीनशे वर्षांपूर्वी, माणसांच्या डोळ्यांदेखत.

साल होतं १७३०. त्याच वर्षी इकडे पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. तिकडे १ सप्टेंबरच्या रात्री तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली. याइझा गावचे पाद्री आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो यांनी पुढे काय काय झालं ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं. आग थांबायला १७३६ साल उजाडलं. जवळजवळ सहा वर्षं! बेटाचा सुमारे पाव भाग लाव्हा आणि राखेखाली गेला. तिमानफाया, सांता कातालिना, मासो ही गावं नकाशावरून पुसली गेली. बुडाली ती बेटावरची चांगली धान्याची जमीन होती. सुरुवातीला लोकांना बेट सोडायलाही मनाई होती. पुढे अनेक कुटुंबं शेजारच्या बेटांवर गेली. जी राहिली, त्यांच्यापुढे राखेचं रान होतं.

आता बघा, त्या बेटावर वर्षाला पाऊस पडतो दीडशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या दुष्काळी तालुक्यांत याच्या तिप्पट तरी पडतो. नदी नाही. वरून सतत वाहणारा वारा. अशा ठिकाणी शेती करायची कशी?

शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, की जिथे राखेचा थर पातळ आहे तिथे पीक उलट जोमात येतंय. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती हलकी, सच्छिद्र, बारीक खडीसारखी असते. रात्रीचा दमटपणा ती धरते आणि दिवसा खालच्या मातीतली ओल उडू देत नाही. आपण पाचटाचं आच्छादन करतो ना, तसंच हे दगडी आच्छादन. जिथे थर जाड होता, तिथे लोकांनी खोल आळी खणली, काही ठिकाणी तर तीन मीटरपर्यंत. खालची जुनी माती लागली की त्यात द्राक्षाचा वेल लावायचा. वाऱ्याच्या बाजूला कोरड्या दगडांचा अर्धगोल गडगा रचायचा. एका आळ्यात बहुधा एकच वेल. यंत्र तिथे चालत नाही. खणणं, गडगा नीट करणं, द्राक्षं तोडणं, सगळं हातानं. या भागाला ला हेरिया म्हणतात. जिथे राख पडली नव्हती, तिथे लोकांनी ती उंटावरून वाहून आणून शेतात पसरली.

लाव्हानं आणखीही काही दिलं. समुद्राचा एक आत आलेला भाग लाव्हानं अडवला आणि तिथे खाऱ्या पाण्याचं तळं झालं. १८९५ पासून तिथे मिठागरं उभी राहिली, त्यांना हानुबियोची मिठागरं म्हणतात. मासळी खारवायला तेच मीठ जायचं. तेव्हा हे सगळं कोणी शोभेसाठी केलं नव्हतं. पोटासाठी केलं होतं.

मग विसाव्या शतकात पर्यटन आलं. शेजारच्या बेटांवर समुद्रकाठी उंच हॉटेलं उठू लागली. लान्झारोतेचा एक चित्रकार, सेझार मानरिके, १९६६ साली न्यूयॉर्कहून कायमचा घरी परतला. बेटाच्या परिषदेचे अध्यक्ष होसे रामिरेझ त्याचे बालमित्र. दोघांनी आग्रह धरला, की पाहुणे येऊ द्या, पण बेटाचं रूप बिघडवून नाही. घरं बुटकी, पांढरी. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नकोत. जे बांधायचं ते डोंगराच्या पोटात, डोंगराला शोभेल असं.

लाव्हाच्या एका लांब बोगद्याचं छत जिथे कोसळलं होतं, तिथे हामेओस देल आग्वा हे ठिकाण झालं. आतल्या तळ्यात पांढरे, आंधळे, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे खेकड्यासारखे जीव राहतात. पाण्यात नाणी टाकायला तिथे मनाई आहे, कारण धातूचा गंज त्या जिवांना मारतो. बेटाच्या उत्तर टोकाला कड्यावरून समुद्र बघायचा सज्जा आहे, तो बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. राख काढून काढून पडलेल्या एका जुन्या खाणीत १९९० साली निवडुंगाची बाग उघडली. आणि तिमानफायाचा परिसर १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झाला. तिथे जमिनीतल्या भोकात वाळकं गवत टाकलं की आजही पेट घेतं. खालच्या उष्णतेवर तिथे जेवणसुद्धा रांधतात.

मैत्रिणींनो, यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. या मुख्य ठिकाणांची मालकी किंवा कारभार बेटाच्या परिषदेकडे आहे. तिकिटाचा पैसा एखाद्या बाहेरच्या मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक संस्थेकडे येतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. १९८०च्या दशकात हॉटेलं भराभर वाढली. मानरिके स्वतः आंदोलनात उतरला. १९९१ साली बेटानं हॉटेलांच्या खाटांवर मर्यादा घालणारा आराखडा केला. १९९२ साली मानरिके अपघातात गेला. आराखडा असूनही बांधकामाचे वाद कोर्टात गेले. २० एप्रिल २०२४ रोजी कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. घरभाडं परवडत नाही, पाणी पुरत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. ला हेरियातली हातानं करायची कष्टाची शेतीही पुढची पिढी करेल का, ही काळजी आहे. आळी बुजली, गडगे ढासळले, तर पाहुणे बघणार काय?

आज आपल्याकडेही कृषी पर्यटन आलंय. कुठे गट पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालतो, कुठे घरातली एक खोली मुक्कामाला देतो. चार पैसे येतात, ते यायलाच हवेत. पण लान्झारोतेचा इतिहास एक गोष्ट सांगतो. नियम पाहुणे येण्याआधी ठरवले तर टिकवायला बळ असतं. नंतर ठरवायला गेलं तर भांडण होतं. किती पाहुणे झेपतील? पाणी कुठून आणि किती द्यायचं? कचरा कोण उचलणार? गावातली जमीन विकायची की भाड्यानं द्यायची? राबणाऱ्या बाईच्या खात्यात किती जमा होणार? हे प्रश्न गटाच्या बैठकीत घ्या, ठराव करा, इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसभेत मांडा.

लान्झारोतेच्या मधोमध मानरिकेनं १९६८ साली शेतकऱ्यांचं एक उंच स्मारक उभं केलं. ते संगमरवराचं नाही. जुन्या होड्यांवरच्या, मोडीत निघालेल्या पाण्याच्या टाक्या एकावर एक रचून केलंय. ज्या माणसांनी राखेत आळी खणली, त्यांच्यासाठी.