फटीतला कापूस

कापसाचं नाव निघालं की आमच्या वडनेरात भाव, गाठी आणि जिनिंगचं बोलणं सुरू होतं. मला मात्र वर्धा नदीवरचा डोंगा आठवतो. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, तिकडेच आईचं माहेर. सणावाराला आम्ही डोंग्यानंच जायचो. डोंगावाल्या आबाजींकडे तिकीट नव्हतं. खळ्यावर जवारी आणि वर्षाला गाठोडंभर कापूस, एवढीच त्यांची मजुरी.

कापूस कशाला, ते उन्हाळ्यात कळायचं. पाणी आटलं की आबाजी डोंगा रेतीवर ओढून पालथा घालत. फळ्यांच्या फटींतला कुजका कापूस उकरून काढत. नव्या कापसाची लांब वात वळून जवसाच्या तेलात भिजवत आणि बोथट छिन्नीनं फटीत ठोकत. पार ठासून भरायची नाही; पाण्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. वरून राळ, मग गरम डांबराचा हात.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात बाबांनी कापूस पोचवायला सांगितला. चांगला विकला तर चार पैसे येतील म्हणून मी फरदडीचा, आखूड धाग्याचा कापूस नेऊन दिला. आबाजींनी चिमटीत धागा ओढून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाही.

पोळ्याला मामाकडे निघालो. मधल्या धारेत फट उघडली. घोट्याएवढं पाणी आत आलं. आईच्या मांडीवर धाकटी बहीण होती. आबाजींनी डोक्याचा फेटा फाडून फटीत कोंबला आणि डोंगा काठाला लावला. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापू, बाजारात वजन चालते. पाण्याले धागाच लागते." मी म्हटलं, मग तुम्ही घेतला काहून? "गावानं देल्लं, नाही कसं म्हणू?" घरी मी हे कोणालाच सांगितलं नाही.

पुढं शेतकऱ्यांच्या सहलीत मालवण पाहिलं. किनाऱ्यावर शिडाच्या जुन्या होडीची डागडुजी चालली होती. फटींत तीच कापसाची वात! पूर्वी पाण्याखालच्या तळाला चुना आणि चरबी, वरच्या अंगाला माशाचं तेल लावत. आता डब्यातला रंग आला. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं मराठ्यांची खडकात कोरलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला तळाचं काम करायचं. हिंगणघाटचा कापूस जहाजानं विलायतेला जायचा, हे ऐकून होतो. कापूस जहाजाच्या पोटातच नाही, फटींतही जातो, हे मात्र मला आबाजींनीच शिकवलं होतं.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाचं 'त्रिंकोमाली' हे शिडाचं जहाज बांधलं. 1817 साली ते पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. नुसतं सागवान होतं म्हणून टिकलं नाही. 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली. आमच्या डोंग्याला वर्षाला चार दिवस पुरत. पूल झाले, ते चार दिवसही कोणी दिले नाहीत. डोंगा काठावर उन्हात उकलून गेला.

सीतादहीची पहिली वेचणी घरी आली की मी अजून एक गाठोडं बाजूला ठेवतो. नातू विचारतो, "आबा, हे कोणासाठी?" त्याला सांगायचं म्हणून हे लिहिलं.