दखल देणे, दखल घेणे

सेन्सरकडे नवं मोजमाप तयार झालं की तो एका तारेवर इशारा देतो आणि प्रोसेसर हातातलं काम सोडून तिकडे वळतो. या इशाऱ्याला इंजिनिअर इंटरप्ट म्हणतात. त्यामागचं लॅटिन क्रियापद 'रुम्पेरे', म्हणजे तोडणं. 'बँकरप्ट' आणि 'करप्ट' त्याच घरातले. संस्कृत लुप् धातूही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात धरतात. म्हणजे आपला 'लोप' त्याचा दूरचा भाऊबंद.

इंटरप्टसाठी मराठीत पटकन सुचतो तो 'व्यत्यय'. वि, अति आणि जाणे या अर्थाचा इ धातू. मूळ अर्थ उलटापालट. पाणिनी तो वैदिक भाषेतल्या प्रत्ययांच्या अदलाबदलीसाठी वापरतो, आपण वीज गेल्यावर. पण सेन्सर हाताळणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणारा या इशाऱ्याची वाटच पाहत असतो, त्याला व्यत्यय कसं म्हणायचं? मला 'दखल' पटतो. अरबी 'दख्ल' म्हणजे आत शिरणं. हिंदीत दखल देतात, ती ढवळाढवळ. मराठीत दखल घेतात, ती नोंद. सेन्सर देतो, ड्रायव्हर घेतो.

लिनक्समध्ये हे घेणंच किचकट होतं. सेन्सर बहुधा आय-टू-सी बसवर; त्याच्याशी बोलायचं तर थांबावं लागतं, आणि इशारा येताच चालणाऱ्या फंक्शनला, म्हणजे इंटरप्ट हँडलरला, थांबायची मुभाच नाही. मग हँडलरनं इशाऱ्याची तार, म्हणजे लाइन, बंद करायची, वाचनाचं काम नंतरच्या कामांच्या रांगेत, म्हणजे वर्कक्यूवर, ढकलायचं, ते झाल्यावर लाइन आठवणीनं उघडायची, ड्रायव्हर काढताना रांगेत अडकलेलं काम रद्द करायचं. यातली एक पायरी विसरली की सेन्सर मुका. २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.३० आवृत्तीत थ्रेडेड इंटरप्ट आले. आता हँडलरची जागा रिकामी सोडून थ्रेडमध्ये चालणारं एक फंक्शन द्यायचं आणि 'वनशॉट'चा झेंडा लावायचा. वाचन संपेपर्यंत लाइन झाकून ठेवणं कर्नल स्वतः बघतो. जुन्या ड्रायव्हरमधल्या कितीतरी ओळी सरळ पुसता येतात.

एक लाइन अनेक उपकरणांत वाटलेली असली, तर इशारा आपला नसल्यास हँडलरनं तसं कळवायचं असतं. पोलीस ठाण्यातला 'अदखलपात्र' इथे चपखल बसतो. सगळ्यांनीच हात वर केले आणि १,००,००० पैकी ९९,९०० हून जास्त इशारे बेवारस निघाले, तर कर्नल ती लाइनच बंद करतो. लॉगमध्ये तेव्हा उमटतं 'नोबडी केअर्ड', आणि 'कोणीच दखल घेतली नाही' याहून नेमकं मराठी मला तरी सुचत नाही.