ठिगळांची बखर

इतिहास या विषयापासून सुटका व्हावी म्हणून मी कॉमर्सला गेलो. कोण जिंकलं, कोण हरलं आणि तहात कोणाला काय मिळालं हे पाठ करण्यापेक्षा जमा-खर्च जुळवणं सोपं, असा माझा समज होता. पुढे बँकेत लागलो आणि तोही समज गेला. तरीही आज मी एक इतिहास लिहायला बसलो आहे, आणि त्याचं कारण आमच्या बेडरूमची भिंत.

चिखलोली हे गाव अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे आहे. मधे म्हणजे असं, की अंबरनाथवाले आम्हांला बदलापूरचे समजतात आणि बदलापूरवाले अंबरनाथचे. २००७ साली मी इथे फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात एक रेल्वे स्टेशन होतं, एक पोहण्याचा तलाव होता आणि तलावाकाठी गॉगल लावून पहुडलेली एक बाई होती. स्टेशन 'होणार' होतं, तलाव 'होणार' होता, बाईबद्दल काही लेखी नव्हतं. पहिल्याच पावसात तलाव आला. तो बेडरूममध्ये आला.

मी बिल्डरकडे गेलो. तो म्हणाला, "हे कॉन्ट्रॅक्टरचं काम." कॉन्ट्रॅक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "शेटनी शेवटचा हप्ता दिलेला नाही. तो मिळू द्या, मग गच्चीला हात लावतो." पुन्हा बिल्डरकडे गेलो. तो म्हणाला, "काम पुरं केल्याशिवाय हप्ता कसा देऊ?" दोघांचंही म्हणणं हिशेबाच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं. मी स्वतः बँकेतला माणूस, त्यामुळे मला ते चटकन पटलं. पाणी मात्र कॉमर्सचं नव्हतं. ते येतच राहिलं.

गेल्या जुलैत माझा भाचा राहायला आला. बेडरूममध्ये परात, परातीत थेंब, थेंबाचा ताल धरून मी झोपलेलो, हे दृश्य पाहून तो म्हणाला, "मामा, याला पॅच नाही आला का अजून?"

पॅच म्हणजे ठिगळ, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या आईच्या गोधडीला इतकी ठिगळं होती की मूळ गोधडी कुठली हे शोधायला पुरातत्त्व खातं बोलवावं लागलं असतं. पण भाचा ज्या ठिगळाबद्दल बोलत होता ते कॉम्प्युटरवरच्या खेळाचं. खेळ आधी विकतात, मग त्यातल्या चुका सापडतात, मग कंपनी त्यावर मारायला एक छोटा प्रोग्रॅम पाठवते. तो पॅच. "आणि नाही पाठवला तर?" मी विचारलं. तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडला, आणि परातीतल्या थेंबांच्या साथीवर मला जो इतिहास सांगितला, तो मी मागाहून थोडा तपासून इथे मांडतो आहे.

आधी धंदा समजून घेऊ, कारण भांडण तिथेच जन्मतं. खेळ तयार करणारा एक आणि बाजारात आणणारा प्रकाशक दुसरा. प्रकाशक आगाऊ रक्कम देतो, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. प्लिंथ झाली, एवढे. स्लॅब पडला, एवढे. खेळ विकला जाऊन ती उचल फिटली, की मग तयार करणाऱ्याला रॉयल्टी सुरू. म्हणजे करणारा सदैव उचलीत आणि देणारा सदैव घाईत. आमच्याकडे जसा मार्च एंड, तसा त्यांच्याकडे नाताळ. नाताळच्या आधी माल दुकानात दिसला पाहिजे, मग त्याला दारं-खिडक्या असोत वा नसोत.

घाईनं बिघडलेलं काम आम्हा अंबरनाथकरांना नवीन नाही म्हणा. आमच्या प्राचीन शिवमंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून वर पाहिलं की थेट आकाश दिसतं. आख्यायिका अशी, की पांडवांनी एका रात्रीत हे मंदिर बांधायला घेतलं आणि पहाट झाली म्हणून शिखर राहून गेलं. शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा आणि शिलाहारांचा आहे. त्यामुळे इतिहासकार पांडवांना श्रेय देत नाहीत. मला मात्र पांडवांची बाजू कळते. त्यांचा प्रकाशक सूर्य होता. त्याच्याकडे मुदतवाढ कशी मागणार?

जुन्या काळी ठिगळाची सोयच नव्हती. १९८२ साली अटारी कंपनीनं 'ई. टी.' या गाजलेल्या सिनेमावर खेळ काढायचं ठरवलं आणि तो लिहिणाऱ्याला जेमतेम पाच आठवडे दिले. का, तर नाताळ. खेळ डबीबंद कार्ट्रिजमध्ये यायचा. एकदा दुकानात गेला की चूक असो, बरोबर असो, शिक्का बसला. पुढच्या वर्षी न विकलेला बराच माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात खड्डा करून पुरला आणि वर काँक्रीट ओतलं. बुडीत खातं निर्लेखित करताना आम्ही तीन सह्या घेतो. काँक्रीट ओतण्याची कल्पना आमच्या हेड ऑफिसला अजून सुचलेली नाही. २०१४ साली लोकांनी तो खड्डा उकरला, तेव्हा आत ई. टी. होताच.

मग डिस्क आल्या, इंटरनेट आलं, आणि 'आधी विका, मागून शिवा' हा नवा धर्म सुरू झाला. १९९६ साली अमेरिकेत टेक-टू कंपनीनं 'बॅटलक्रूझर ३०००एडी' हा खेळ अर्धवट अवस्थेतच बाजारात आणला. तो रचणारा डेरेक स्मार्ट यानं आकाशपाताळ एक केलं. खेळ माझा, अब्रू माझी, आणि तुम्ही तो अर्धा शिजलेला वाढलात कसा? प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. पण गंमत पाहा, शिव्या देता देताच हा गृहस्थ ठिगळंही लावत राहिला. २००४ साली ट्रॉइका नावाच्या छोट्या कंपनीचा 'व्हँपायर' मालिकेतला खेळ असाच कच्चा बाहेर पडला आणि २००५च्या फेब्रुवारीत कंपनीच बंद झाली. पगार थांबल्यावरही तिथली काही माणसं शेवटचा पॅच पुरा करत बसली होती. पुढचं काम जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञानं हाती घेतलं. हा मनुष्य दिवसा रसायनं आणि रात्री दुसऱ्याचा खेळ, असं कित्येक वर्षं फुकट करत आला आहे. त्याची बायको त्याला काय म्हणत असेल, हा माझ्या मते संशोधनाचा विषय आहे.

आता मुख्य लढाई. जर्मनीतल्या रूर खोऱ्यात पिरान्हा बाइट्स नावाची मूठभर मंडळी होती. त्यांनी २००१ आणि २००२ साली 'गॉथिक' या खेळाचे दोन भाग काढले. त्यातल्या नायकाला नावच नाही. हे मला फार जवळचं वाटलं. इतकी वर्षं काउंटरवर बसल्यावर मलाही 'ओ, पासबुकवाले' याखेरीज नाव उरलेलं नाही. दुसऱ्या भागात हा बिननावाचा वीर ड्रॅगन मारतो. तिसरा भाग ऑक्टोबर २००६मध्ये आला, आणि लोकांनी पैसे मोजून तो लावला, तर ड्रॅगन मारणारा हा वीर रानडुकरांकडून मार खाऊन मरू लागला. डुक्कर इतक्या जलद मुसंड्या मारी की वीराला तलवार उचलायला सवडच मिळेना. शिवाय खेळ मधेच गचके खाई, मधेच बंद पडे. थोडक्यात, गच्ची गळत होती.

प्रकाशक ऑस्ट्रियातली जोवूड. थोडी ठिगळं आली. पण दोघांचं फाटलेलंच होतं. २००७च्या मे महिन्यात त्यांनी काडीमोड घेतला. काडीमोडाचं खरं कारण नवरा-बायकोलाच ठाऊक असतं, तेव्हा मी त्यात पडत नाही. वाटणी अशी झाली, की 'गॉथिक' हे नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि ते ज्यांनी घडवलं ती माणसं दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली. २००९ साली त्यांनी 'राइझन' काढला. तिसऱ्या भागाचं डुक्कर मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नाही. ते ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्याकडे राहिलं.

आणि इथे, वाचकहो, या बखरीत आपली मुंबई येते. जोवूडनं त्या तिसऱ्या भागाचं पुरवणी प्रकरण काढायचं काम मुंबईच्या ट्राइन गेम्सकडे दिलं. नोव्हेंबर २००८मध्ये 'फोरसेकन गॉड्स', म्हणजे वाऱ्यावर सोडलेले देव, या नावानं ते बाजारात आलं, आणि मूळ खेळाला परवडला म्हणावं इतकं ते नादुरुस्त निघालं. परीक्षकांनी सालटी काढली. अखेर प्रकाशकाला गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागावी लागली. ही बातमी ऐकून मी उठून बसलो. चिखलोलीत मी ज्या वर्षी परात शोधत होतो, त्याच वर्षी लोकलनं जाता येईल इतक्या अंतरावर कोणी मुलं जर्मनांच्या गच्चीवर मजला चढवत होती! दुसऱ्यानं घातलेला पाया, दुसऱ्याची भाषा आणि डोक्यावर नाताळ. दोष कोणाचा किती, याचा तपशील माझ्याकडे नाही. पण मार्च एंडला रात्री अकरा वाजता दुसऱ्याच्या चुकीची नोंद शोधणारा माणूस कसा दिसतो ते मी आरशात पाहिलेलं आहे. २०११मध्ये त्या पुरवणीची सुधारलेली आवृत्ती आली. ती शिवणारे हात आणखी तिसऱ्याच कोणाचे होते.

"मग तू खेळतोस तो धड कसा चालतो?" मी भाच्याला विचारलं. त्याच्या पडद्यावर वीर आणि डुक्कर समोरासमोर उभे होते आणि वीर चक्क जिंकत होता.

"तो लोकांनी दुरुस्त केला, मामा."

लोकांनी म्हणजे खेळ विकत घेतलेल्यांनी. त्यांच्यातल्या जाणत्यांनी एक टोळी जमवली. प्रकाशकानं शहाणपणा केला आणि मूळ प्रोग्रॅम त्यांच्या हाती सोपवला. २००८ साली १.५ क्रमांकाचं ठिगळ आलं, २००९ साली १.६, आणि २०१२ साली १.७५. पगार नाही, बोनस नाही, ओव्हरटाइमचा तर प्रश्नच नाही. यातली सालं पुन्हा पाहा. जोवूड २०११ साली दिवाळखोरीत गेली. म्हणजे विकणारा बुडाला त्यानंतरही विकत घेणारे शिवतच होते. आणि २०२४ साली खुद्द पिरान्हा बाइट्सही बंद पडली. भांडणारे दोन्ही पक्ष गेले, ठिगळ राहिलं.

आमच्या इमारतीतही असंच झालं. आज 'रेरा' कायदा आहे. महाराष्ट्रात मे २०१७पासून महारेरा आहे, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आमची इमारत त्याच्या दहा वर्षं आधीची. आम्हांला दोनच मार्ग होते, कोर्ट किंवा डांबर. तिसऱ्या मजल्यावरचे काका, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, पहिल्या मीटिंगमध्ये म्हणाले, "कोर्टात आपली नातवंडं जिंकतील. तोवर गच्चीवर चढतो." आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते खरोखरच चढले.

वर्गणी काढली. तळमजल्यावरच्यांनी "आमच्याकडे गळत नाही" म्हणून पैसे दिले नाहीत. मग त्यांच्याकडे ड्रेनेज तुंबलं, तेव्हा वरच्यांना कसं बरं वाटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिलं ठिगळ डांबराचं, दुसरं ब्रिकबॅट कोब्याचं, तिसरं गच्चीवर पत्र्याचं. मधे 'मानीव अभिहस्तांतरण' नावाचं प्रकरणही झालं. म्हणजे बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर सरकारनं ती दिली असं मानायचं. हा शब्द धड उच्चारता येईपर्यंत निम्मे सभासद दमले. बिल्डरच्या ऑफिसात आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. कॉन्ट्रॅक्टर कुठे आहे कोणास ठाऊक. इमारतीचा नकाशा दोघांनीही दिला नाही. जोवूडनं जर्मन पोरांना जे दिलं ते आम्हांला मागूनही मिळालं नाही.

तो काकांनी स्वतः काढला. दोनशे पानी वहीत, पेन्सिलीनं. कुठली पाइप कुठून जाते, कुठल्या खोबणीत काय भरलंय, कुठल्या साली. कोणी विचारलं, "काका, कशाला एवढं?" तर म्हणत, "मी नसताना तुम्ही चुकीच्या जागी ठोकाल म्हणून."

काका परवाच्या दिवाळीआधी गेले. काकूंनी वही माझ्याकडे आणून दिली, बँकेतला माणूस वह्या जपून ठेवतो या समजुतीनं. मी ती खरोखरच जपून ठेवली. कपाटात. वर्षभर उघडली नाही, आणि माझी भिंत पुन्हा ओली झाली.

त्या रात्री भाच्यानं ती वही मागितली. लॅपटॉप बाजूला ठेवून तो तासभर पानं उलटत होता. ज्या पोरानं घरचा नळ गळतोय हे आईला फोन करून कळवलं असतं, तो पोरगा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर काकांच्या अक्षरात एकच ओळ होती: 'वायव्य कोपरा, पाइपचा बेंड, पुन्हा बघणे.'

वायव्य कोपरा म्हणजे आमच्या बेडरूमचा. बाहेर पाऊस जरा थांबला होता.

"मामा," तो म्हणाला, "बॅटरी कुठे आहे? आणि घरात पाना आहे का?"

पाना नव्हता. मी काकूंचं दार वाजवायला खाली गेलो.