ओल असेपर्यंत

पाय जपून टाका. १८५५ साल आहे, मार्च महिना. तुम्ही बोर्निओतल्या सारावाकमध्ये, सिमुंजान नदीजवळच्या कोळशाच्या खाणीपाशी उभे आहात. दलदलीवर ओंडके टाकून डायाक लोकांनी वाट केली आहे, आणि तुमचे रबरी तळवे त्या ओल्या सालीवर घसरतात. खाणीसाठी झाडं पडताहेत, पडलेल्या खोडांवर भुंग्यांची झुंबड उडाली आहे. चष्मा लावलेला एक उंच इंग्रज भुंगे आणून देणाऱ्यांना किड्यामागे एक सेंट मोजतो. तो निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस.

पण त्याला खरे हवेत ते मियास. इथे ओरांगउटानला मियासच म्हणतात. बार ऐकू आला तर दचकू नका. त्यानं एक मादी पाडली आहे, आणि चिखलात तोंड खुपसून पडलेलं तिचं पिल्लू तो घरी घेऊन चालला आहे. दूध कुठे मिळत नाही, म्हणून तो त्याला बाटलीतून भाताचं पाणी पाजतो, आंघोळ घालतो. मिठी मारायला काही हवं म्हणून म्हशीच्या कातड्याची खोटी आईही करून देतो. पिल्लू तिच्यात दूध शोधतं आणि तोंडात केस भरून घेतं. तीनेक महिन्यांत ते मरतं. आईला गोळी घालणारा आणि पिल्लाला न्हाऊ घालणारा माणूस एकच, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पुढच्या मुक्कामांवर त्याची सवय होईल.

नोव्हेंबर १९७१, बोर्निओच्या दक्षिणेचा तांजुंग पुटिंग. ओरांगउटानांचा अभ्यास करायला आलेली पंचविशीतली बिरुटे गाल्डिकास कमरेएवढ्या काळसर पाण्यातून वर बघत चालली आहे. तिच्या मागोमाग चला, जळवांचं नंतर बघू. वर एक मादी आहे, पोटाला पिल्लू. ते सात-आठ वर्षं आईपाशीच राहील आणि तोवर ती सहसा दुसऱ्याला जन्म देणार नाही. एवढा हिशेब लक्षात ठेवा. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्यात थोड्या माद्या गेल्या तरी खड्डा पिढ्यान्‌पिढ्या भरत नाही.

आता १९९६, मध्य कालिमंतान. इथे जरा थांबू. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचा आहे. जंगल चिरत कालवे निघाले आहेत. त्यांची लांबी चार हजार किलोमीटरांच्या वर जाणार आहे. खाली वाका, मूठभर माती उचला. ती माती नाहीच. हजारो वर्षं पाण्याखाली राहिल्यामुळे पुरतं न कुजलेलं लाकूड, मुळं आणि पाचोळा आहे तो, काही ठिकाणी कित्येक मीटर जाड. त्याला पीट म्हणतात. ओलं असेपर्यंत ते कार्बन धरून बसतं. कालवा काढला की पाणी उतरतं, आणि उरतं ते सरपण.

पुढच्याच वर्षी एल निनो येतो. ज्वाळा शोधू नका, आग तुमच्या पायांखाली आहे. धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला आहे. भाजलेल्या, उपाशी ओरांगउटान माद्या नदीकाठी आणि वस्त्यांकडे येतात; तिथे त्या मारल्या जातात आणि पिल्लं विकली जातात. भात म्हणावा असा पिकलाच नाही. १९९९ साली सरकारनं योजना गुंडाळली. कालवे तसेच राहिले.

त्याच साली पालंगकारायाजवळ न्यारू मेंतेंगचं ओरांगउटान पिल्लांचं अनाथालय सुरू झालं. तिथल्या बायका पिल्लांना कडेवर घेऊन रानात नेतात, झाडावर चढायला लावतात. काम थोर आहे, शंका नाही. पण लंगोट घातलेल्या पिल्लांचे फोटो जगभर फिरतात तेव्हा मला चीड येते. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतले एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. एवढ्यांना पुरेल अशी शाळा कोण काढणार?

मला दाखवायचं आहे ते याहून रटाळ दृश्य. २०१५ ला पुन्हा सव्वीस लाख हेक्टर जळाल्यावर, २०१६ साली इंडोनेशियानं पीट पुन्हा ओलं करण्यासाठी खास संस्था नेमली. जुन्या कालव्यात उतरून माणसं लाकडी खुंट ठोकताहेत, मध्ये वाळूची पोती रचताहेत. आपल्याकडे गावकरी ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, अगदी तसं. याचा फोटो कुणी फ्रेम करून लावणार नाही. तरी जंगल वाचेल ते यानं. पाणी चढलं की आगीला खालून वाट राहत नाही.

आणि २०२० साली त्याच सरकारनं त्याच जुन्या भाताच्या पट्ट्यात नवी अन्नधान्य योजना जाहीर केली. वॉलेस आठवला ना?

आता घरी या. पीटमध्ये कालवे खणून पामच्या बागाही लावल्या जातात, आणि जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला आहे. बिस्किटात, फरसाणात, साबणात ते असतं. ते बंदच करा, असं मी म्हणणार नाही. हेक्टरी इतकं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं लावलं तर जमीन जास्त लागेल. मागणी एवढीच करू: पीटमध्ये नवा कालवा खणून लावलेल्या बागांचं तेल आमच्या मालात नको. कंपनीचा पत्ता पुड्यावर छापलेला असतो. त्यांना लिहा, तेल कुठल्या जमिनीवरचं ते विचारा.